इंग्रजीत नसलेलं पाणी

आश्रमशाळा, मोलगीच्या पुढे
१८ नोव्हेंबर २०२४

शांतीकाका,

नमस्कार. पाकीट पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. शाळेत फोनला रेंज नाही. मागच्या टेकडीवर चढलं की एक कांडी येते, आणि त्या एका कांडीवर तुम्हाला फोन लावला की तुम्ही नुसतं ‘कोण? कोण?’ करता. म्हणून पत्र. बाजाराच्या दिवशी करमसिंगची जीप धडगावला जाते, तो ते शहाद्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देईल.

दोन कामं आहेत. पहिलं शाळेचं. आठवीला पाण्यावरचे इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचे आहेत. अर्थ सांगितले तर पोरांचं समाधान होत नाही. आमचे स्वयंपाकी झिपरूभाऊ, त्यांची रविना माझ्या वर्गात आहे. ती विचारते, ‘मॅडम, हे पहिल्यांदा कोण बोललं आणि त्याला काय झालं होतं?’ ‘होल्ड वॉटर’ मी निभावून नेलं. बाजारात मडकं घेताना इथली माणसं ते टिचक्या मारून बघतात, वर पाणी भरून थोडा वेळ ठेवतात, पाझरलं की दुकानदाराला परत. इंग्रजांनीही तेच केलं असणार आणि मग ते माणसाच्या बोलण्याला लावलं असणार: ज्यात चीर नाही ते बोलणं टिकतं. पोरांना पटलं. पण ‘इन हॉट वॉटर’ म्हणजे अडचणीत, हे काही पटत नाही. गरम पाणी मिळालं तर अडचण कसली, आमच्याकडे थंडीत लोक त्यासाठी भांडतात. तुम्ही शहाद्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलंत, तुम्हीच सोडवा.

दुसरं काम घरचं. आप्पांनी निरोप धाडलाय की होळीच्या आत बदलीचा अर्ज देऊन खाली ये, सुरतचं स्थळ फार दिवस थांबणार नाही. मला खाली यायचं नाही, काका. ही आठवी दहावी होईपर्यंत तरी नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही नाही. मला इथे आवडतं. आप्पा उभ्या खानदेशात फक्त तुमचं ऐकतात. त्यांना समजवा.

काकूंना नमस्कार.

तुमची कामिनी

---

कळसाडी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. कामिनी,

आशीर्वाद. पत्र मिळालं, त्याला तंबाखूचा वास होता. कंडक्टर भला माणूस दिसतो.

‘हॉट वॉटर’बद्दल एक गोष्ट सांगतात, की गढीवर चालून आलेल्यांच्या डोक्यावर वरून उकळतं पाणी ओतायचे. खरी का खोटी ते इंग्रजांनाही ठाऊक नाही. पण वर्गात ‘ठाऊक नाही’ म्हटलं की मागच्या बाकावरून कागदी विमानं सुटतात, तेव्हा तू बेलाशक उकळतं पाणी ओत. रविनाला मात्र खरं सांग. असा प्रश्न विचारणारं पोर मला उभ्या नोकरीत भेटलं नाही. माझ्या पोरांचा प्रश्न एकच असायचा, ‘सर, हे परीक्षेला येईल का?’

इंग्रजांना बारा महिने तेरा काळ पाऊस, वर चारी बाजूंना समुद्र. मग शब्द पाण्यातूनच निघणार. तरी त्यांच्या सगळ्या खजिन्यात माझ्या कामाचा एकही नाही. परवा तळोद्याला चारुलताकडे गेलो होतो. पोटची पोर, फ्रीजमधली थंडगार बाटली समोर आणून ठेवली, बाटलीवरून थेंब ओघळताहेत, आणि मी आपला आढ्याकडे बघत बसलो. लेकीच्या घरचं पाणी बापाने पिऊ नये, हा आपला रिवाज. कोणी लावला देव जाणे, पण ज्याने लावला त्याची लेक थंड हवेच्या ठिकाणी दिली असणार. घसा कोरडा पडला तसा उठलो, ‘जरा पाय मोकळे करतो’ म्हणालो आणि शेजारच्या घरी जाऊन दोन तांबे रिचवले. शेजारणीला सवय आहे, ती मला बघूनच माठाकडे वळते. याला इंग्रजीत काय म्हणशील? मी शब्दकोश चाळला, काही नाही.

भूपेंद्रचं म्हणशील तर तो तुझा बाप आहे, त्यालाही काळजी. तू सपाटीवरच्या काळ्या मातीतली पोर, डोंगरात म्हणजे ‘फिश आउट ऑफ वॉटर’. हा फार जुना प्रयोग, पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतसुद्धा सापडतो. आणि सुरतचा मुलगा हिऱ्यांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, त्याला ‘ऑफ द फर्स्ट वॉटर’ म्हणायला हरकत नाही. हिऱ्याच्या झळाळीला जुने जवाहिरे पाणीच म्हणायचे, आपणही म्हणतोच. पहिल्या पाण्याचा, दुसऱ्या पाण्याचा अशी त्यांची प्रत ठरायची. विचार कर.

शांतीकाका

---

आश्रमशाळा
९ डिसेंबर २०२४

शांतीकाका,

मी तुम्हाला वकील नेमलं होतं, तुम्ही आप्पांच्या बाजूने उभे राहिलात.

‘फिश आउट ऑफ वॉटर’ वर्गात सांगितला. पोरं म्हणाली, पाण्याबाहेरचा मासा म्हणजे जेवणाची वेळ झाली, यात वाईट काय? झिपरूभाऊंनी खिडकीतून विचारलं, कोणता मासा, आणि तिखट किती घालू? मी अवघडल्यासारखी दिसते असं त्यांना कोणालाच वाटलं नाही. उलट रविना म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही बाजारात भाव करता तेव्हा आम्हाला लाज वाटते.’ यापेक्षा आपलेपण वेगळं काय असतं?

‘फर्स्ट वॉटर’ मीही पाहिला. इंग्रजीत पहिल्या पाण्याचा लबाड, पहिल्या पाण्याचा मूर्ख असंही सर्रास म्हणतात, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. सुरतच्या मुलाने मागच्या खेपेला मला एकच प्रश्न विचारला होता, ‘तिकडे राहून तुमचा रंग काळवंडला का?’ तेव्हा पाणी पहिलं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काका, एकदा या. स्वतः बघा आणि मग आप्पांना काय सांगायचं ते सांगा. पण आप्पांचं म्हणणं तुमच्या तोंडून पुन्हा ऐकून घेणार नाही, एवढंच सांगून ठेवते.

कामिनी

---

कळसाडी
१६ डिसेंबर २०२४

चि. कामिनी,

येतो. नव्या वर्षाच्या पहिल्या बाजाराला करमसिंगला धडगावला थांबायला सांग.

नुसतं भेटायला येतोय, मनात दुसरं काही आणू नकोस. यालाच ‘टेस्ट द वॉटर्स’ म्हणतात: उडी मारण्याआधी पायाचा अंगठा बुडवून बघायचा. तुझ्या काकूने याला वेगळं नाव ठेवलंय. म्हणाली, ‘तुमना गुडघा दुखस, अन् डोंगर चढाले निंघना.’ तिला सांगितलं, जीप चढते, मी बसून राहतो.

रविनाला सांग, येताना ‘डेड इन द वॉटर’ घेऊन येईन. वारा पडला की शिडाचं जहाज भर समुद्रात ठप्प उभं राहायचं, त्यावरून आलाय. ज्या बेताला वारा नाही तो बेत मेला. भूपेंद्र ऊस लावायचा ठरवतो तेव्हा दरवर्षी मला हाच आठवतो.

शांतीकाका

---

आश्रमशाळा
६ जानेवारी २०२५

श्री. शांतीलाल काका,

तुम्ही पाच मिनिटांत निघून गेलात, तेव्हा राहिलेलं लिहून कळवते.

करमसिंगने सांगितलं की जीपमध्ये तुमच्यासोबत दोन मोठ्या बॅगा होत्या आणि दोन्ही रिकाम्या होत्या. त्याने उचलल्या तेव्हाच त्याच्या लक्षात आलं. माणूस पायाचा अंगठा बुडवायला येताना दोन रिकाम्या बॅगा आणत नाही. माझं सामान न्यायला आला होतात. आप्पांनी पाठवलं, तुम्ही आलात, आणि मला लिहिलंत की नुसतं भेटायला. ते एक वेळ मी गिळलं असतं.

पण पाणी? रविना सकाळपासून तुमची वाट बघत होती. पेला चुलीच्या राखेने घासून लख्ख केला, वर स्वच्छ फडकं झाकून आणला. तुम्ही माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभे, तोंडाला कोरड पडलेली दिसत होती, आणि तिने पेला पुढे केल्यावर तुम्ही हात मागे घेतलात. ‘नको नको’ म्हणालात. खोलीभर बघितलंत, आणि वळून खाली जीपमध्ये जाऊन बसलात.

ती पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, ‘मॅडम, ते आमच्या हातचं पीत नाहीत का?’ मागे झिपरूभाऊ होते. ते आत जाऊन भाकरी थापायला लागले. इथे आलेल्याला पाणी देतात आणि येणारा ते पितो. पीत नसेल तर त्याचं कारण या लोकांना सांगावं लागत नाही. ते त्यांनी पिढ्यान् पिढ्या खालच्या गावांत पाहिलंय.

रिवाजाचं तर मला सांगूच नका. तो लेकीच्या सासरी. माझं लग्न झालेलं नाही, हे सासर नाही, ही सरकारी खोली आहे. मला तुमची लाज वाटली. तुमच्या हाताखाली इंग्रजी शिकले याची पहिल्यांदा लाज वाटली.

कामिनी

---

कळसाडी
१३ जानेवारी २०२५

चि. कामिनी,

तुझं पत्र तुझ्या काकूने, दगूबाईने, मोठ्याने वाचायला लावलं. ‘लाज वाटली’ आलं तेव्हा ती म्हणाली, ‘आखो वाच.’ पुन्हा वाचलं. मग जेवायला वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

बॅगांचं खरं आहे. भूपेंद्रने दिल्या आणि मी घेतल्या. तुला खोटं लिहिलं. त्याची तू देशील ती शिक्षा मान्य.

पाण्याचं सांगतो, विश्वास ठेव अगर ठेवू नकोस. धडगावपासून माझ्या घशात काटे होते. पोरीने पेला पुढे केला, माझा हात उचलला गेलाही, आणि तोंडातून आपसूक निघालं, ‘नको नको.’ चारुलताच्या दारात निघतं तसंच. जीपमध्ये बसल्यावर माझं मलाच कळेना की मी असं का म्हणालो. तुझं सासर नाही, लग्न नाही, रिवाज लागू होत नाही, हे तू म्हणतेस ते सगळं मलाही ठाऊक होतं. मग तुझी खोली डोळ्यांपुढे आली. खिडकीत मेथीच्या कुंड्या. दोरीवर वाळत घातलेल्या पोरांच्या वह्या. कोपऱ्यात ते टिचक्या मारून घेतलेलं मडकं. मागच्या दारातून आत वाकून कोणीतरी तुला विचारत होतं, ‘बाई, मीठ कुठे ठेवलं?’ मला आत पाऊल टाकताना चप्पल काढून, कोणी ‘या’ म्हणेपर्यंत थांबावंसं वाटलं. पुतणीच्या सरकारी खोलीत माणूस असं थांबत नाही. लेकीच्या घरी थांबतो.

तुला न्यायला आलो होतो आणि तुझ्या उंबऱ्यात माझ्याच तोंडाने निकाल देऊन बसलो. म्हणून बॅगांबद्दल बोललो नाही. ज्या घरचं पाणी मी नाकारलं, त्या घरातून पोर उचलून कशी आणू?

रविनाला जे वाटलं त्याने मात्र मला झोप नाही. तिला वाटलं ते काही वेडंवाकडं नव्हतं. माझ्या वडिलांनी तिथे पाणी नाकारलं असतं तर त्याच कारणासाठी नाकारलं असतं. म्हणून नुसतं पत्रातून स्पष्टीकरण देऊन चालणार नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या बाजाराला पुन्हा येतो. तुझ्याकडे पिणार नाही. प्यायलो तर ते घर तुझं नाही असं होईल. झिपरूच्या घरी पिईन. त्याने दिलं तर.

तुझा काका

---

आश्रमशाळा
३ फेब्रुवारी २०२५

शांतीकाका,

तुम्ही परवा येऊन गेलात त्याचं इथे अजून बोलणं चाललंय.

झिपरूभाऊ तुम्हाला लगेच पाणी देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. त्यांनी तुम्हाला अंगणात बसवून ठेवलं आणि आधी कोंबड्यांना दाणे टाकले, ते मुद्दाम. तुम्ही घड्याळाकडे बघितलं नाहीत, ते त्यांनी पाहिलं. मग तुम्ही त्यांना तळोद्याची शेजारीण सांगितलीत, ती तुम्हाला बघून माठाकडे वळते ते, आणि ते हसले. बेबीबाईंनी, रविनाच्या आईने, तांब्या आणला तेव्हा तुम्ही दोन पेले प्यायलात आणि तिसरा मागितलात. तिसरा तुम्ही दिखाव्यासाठी प्यायलात हे मी ओळखलं, पण तो दिखावा मला आवडला.

रविनाने विचार करून निकाल दिलाय. म्हणते, ‘तुमच्या लोकांचं उलटं आहे. जिथे आपलं माणूस, तिथे तहानलेले राहता.’ मी म्हटलं, हो.

पण आप्पांचं काय? होळी जवळ आली. त्यांचा परत निरोप आलाय, या वेळी काही धमकी नाही, फक्त ‘येतो’ एवढंच. मला त्याचीच भीती वाटते.

कामिनी

---

कळसाडी
२४ फेब्रुवारी २०२५

चि. कामिनी,

सगळं सांगितलं भूपेंद्रला. तीन दिवस बांधाकडे फिरकला नाही. शब्दांचा त्याच्यावर परिणाम ‘वॉटर ऑफ अ डक्स बॅक’. बदकाच्या शेपटीशी तेलाची एक ग्रंथी असते, ते चोचीने तेच तेल पिसांना चोपडतं, म्हणून पाणी घरंगळून जातं. तुझ्या बापाला ही ग्रंथी जन्मापासून आहे.

चौथ्या दिवशी बांधावर येऊन म्हणाला, ‘तू खरंच पानी पिना नही?’

‘नही पिनू.’

‘येक घोट बी?’

‘येक घोट बी नही.’

मग बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. आणि आता जे म्हणाला ते नीट वाच. म्हणाला, मी स्वतः जातो, तिच्या खोलीत बसतो आणि सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी पिऊन दाखवतो. मग बघू कोणाचं घर ते. काठी गावची होळी बघायला जायचं निमित्त काढून येणार आहे. बॅगा त्याच, फक्त या वेळी एकीत त्याचे कपडे आहेत.

मी अडवलं नाही. अडवला की त्याला जोर चढतो. एवढंच सांगितलं की चढ फार आहे, जीप खालीच थांबते, वाटेत झिपरूचं घर लागतं. बाकी तुझं तू बघ. या बाबतीत इंग्रजी माझ्या काही उपयोगी पडत नाही.

दगूबाईने तुझ्यासाठी पापड दिलेत. म्हणाली, ‘पोरीले सांग, रडू नको, काय व्हई ते व्हई.’

तुझा काका

---

आश्रमशाळा
१२ मार्च २०२५

प्रिय काका,

आप्पा येऊन गेले. आता काठीला पोचले असतील, उद्या रात्रीची होळी बघून परवा खाली उतरतील.

मी सकाळपासून खोली झाडत होते. मडकं भरून ठेवलं, मग वाटलं रिकामं करून टाकावं, म्हणजे प्यायला काही उरणारच नाही. पण ते मला जमलं नाही. माझ्या दारात आलेल्या माणसासाठी माझ्याकडे पाणी नाही, असं मला व्हायला नको होतं. आप्पा प्यायले असते तर मी अर्ज लिहिला असता, काका. मनाची तयारी केली होती. बापाने सगळ्यांसमोर माझं घर पुसल्यावर मी कोणत्या तोंडाने इथे राहिले असते?

मधलं मला रविनाने सांगितलं. चढ चढून आप्पांना धाप लागली, म्हणून ते झिपरूभाऊंच्या ओट्यावर टेकले. बेबीबाईंना त्यांनी बरंच विचारलं. मला रात्री सोबत कोण असतं, पगार झाला की मी खाली जाते का, जेवते काय. बेबीबाईंनी उत्तर म्हणून त्यांना आत नेऊन कणगी दाखवली. माझी तूर त्यांच्याकडे असते, कडुलिंबाचा पाला घालून वर्षभराची भरून ठेवलेली. माझ्या खोलीत उंदीर फार. आप्पांनी हात कोपरापर्यंत आत घालून तूर बघितली, दाणा चावून बघितला. ‘यंदानी?’ विचारलं. बेबीबाई म्हणाल्या, हो, पुढच्या होळीपर्यंत पुरेल. आप्पा शेतकरी आहेत. ज्याने वर्षाची तूर भरलीय तो निघायच्या तयारीत नाही, एवढं त्यांना दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही.

मग ते माझ्या दारात आले. चप्पल बाहेर काढली. रविनाने पेला पुढे केला, फडकं झाकलेला, तोच. आप्पांच्या मिशा ओल्या होत्या, काका. शर्टावर पुढे बेबीबाईंच्या तांब्यातलं पाणी सांडलेलं होतं.

रविनाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘नको बेटा. तुन्हा घर पी उनू.’

मग खोलीत बसले. सुरतचं नाव नाही, अर्जाचं नाव नाही. दाराची कडी हलवून बघितली, म्हणाले ढिली शे, सुतार धाडतो. ऊन चढलं, पत्रा तापला, घामाने त्यांची पाठ भिजली, दोनदा घसा खाकरला. मडकं हाताच्या अंतरावर होतं. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना दोन्ही बॅगा इथेच सोडल्या, म्हणाले सामान ठेवाले व्हतीन. कपडे मात्र काढून पिशवीत घेतले.

चढाच्या वळणावर ते दिसेनासे झाले तेव्हा रविनाने विचारलं, ‘मॅडम, याला इंग्रजीत काय म्हणतात?’ मी सांगितलं, काही म्हणत नाहीत. ती म्हणाली, मग त्यांचं कसं चालतं?

पेला तिच्या हातात तसाच भरलेला होता. तो मी घेतला आणि माझ्या दारात उभी राहून सगळा पिऊन टाकला.

तुमची
कामिनी